दुमडलेल्या कोपऱ्याचा नावाडी

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पोस्टमन घरोघर शोधत हिंडतो तो नव्हे, खेळायचा. माझ्यावर एका नावाड्याचे चित्र आहे. हातात वल्हे, होडी रिकामी आणि आभाळ जरा जास्तच निळे. माझा वरचा उजवा कोपरा दुमडलेला आहे. तो सरळ करण्याचा खटाटोप बरीच वर्षे चालला. आता कोणी करत नाही, आणि का करत नाही तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म छापखान्यातला. जाड कागदाच्या मोठ्या तावावर आम्ही भावंडे शेजारी शेजारी छापली गेलो, मग कापून वेगळे झालो आणि बंद पाकिटांतून दुकानात जाऊन लटकलो. पाकीट फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळायचे नाही, हीच त्या खेळाची गंमत होती. पत्ते जमवायचे, नको तो देऊन हवा तो घ्यायचा, आणि आपली गड्डी तयार झाली की खेळायला बसायचे.

खेळ सोपा आहे. टेबलाच्या मधोमध नदी आहे असे मानायचे. ज्याचा मोठा पत्ता पलीकडच्या काठावर आधी उतरेल तो जिंकला. अडवायला शिपाई, बुरूज आणि वादळ. सगळ्यांत मोठी सागरराणी, सोनेरी काठाची. ती पाकिटातून निघाली की दुकानात गर्दी जमे. मी निघालो की लोक म्हणत, "परत नावाडीच." मला लढता येत नाही. हातातल्या एका पत्त्याला मी नदीपार नेऊन सोडतो, एवढेच माझे काम. पण माझ्याशिवाय राणीचे पाय काठावरच ओले होतात. हे मी तेव्हाही जाणून होतो.

मला विकत घेतले एका बाइंडरने. दिवसभर तो पुस्तके शिवायचा, आणि कागदाची घडी दाबायची गुळगुळीत हाडाची पट्टी कायम त्याच्या खिशात असायची. जेवणाच्या सुट्टीत तो छापखान्यातल्या मुद्रितशोधकाबरोबर खेळायचा. या मुद्रितशोधकाला दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून सवय लागली होती. खेळतानाही तो प्रत्येक चालीवर हरकत घ्यायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. त्या टेबलावर पुस्तके चिकटवायच्या खळीचा वास असे. बाइंडर मला टाकायचा तेव्हा टकटक असा आवाज व्हायचा. ती माझी उमेदीची वर्षे.

मग एके दिवशी बाइंडरच्या तान्ह्या लेकीने मला तोंडात घातले. ओढून काढेपर्यंत कोपरा चावून झाला होता. बाइंडरने मला पुस्तकांच्या दाबयंत्रात घालून पाहिले, जाड शब्दकोशाखाली ठेवून पाहिले. कोपरा उठून बसायचा तो बसायचाच.

"हा काढ," वकील म्हणाला. "पाठीवरून ओळखू येतो. खुणेचा पत्ता चालत नाही."

"पोरीचे दात आहेत रे ते."

"दातांना नियम माफ नसतो."

बाइंडर हसला आणि मला गड्डीतून काढून पत्र्याच्या डब्याच्या तळाशी ठेवले. फेकले मात्र नाही. माझ्या डोक्यावर गड्डी असे, गड्डीत सगळ्यांत वर सागरराणी. ती रोज खेळायला जायची आणि परत आली की फुशारक्या मारायची, मी तळाशी राहायचो.

वर्षे गेली. छापखाना बंद झाला. वकील आपल्या मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला. बाइंडरची नजर हळूहळू विझत गेली. आधी अक्षरे गेली, मग चित्रे, मग माणसांचे चेहरेही धूसर झाले. डबा कपाटात गेला आणि आम्ही सगळेच तळाशी आलो. राणीच्या फुशारक्याही संपल्या.

मग काही महिन्यांपूर्वी एका रविवारी बाइंडरच्या लेकीने डबा उघडला. ती आता दातांची डॉक्टर आहे. जुन्या पत्त्यांच्या खेळांवर प्रेम करणाऱ्या माणसांचा मेळावा तिच्या दवाखान्याजवळच्या शाळेत भरणार होता.

"विकून टाकू," बाइंडर म्हणाला. "मला आता राणी आणि शिपाई सारखेच. उगाच कपाट अडवून बसलेत."

"नक्की ना बाबा? नंतर मला ऐकवायचं नाही."

"तुला ऐकवायला मला वेगळं कारण लागतं का?"

शाळेचे सभागृह माणसांनी भरून गेले होते. लांब टेबले, त्यांवर मऊ कापडे, खोकी, चिमटे, भिंगे. पोक्त माणसे पाकिटांतून पत्ते काढून एकमेकांना दाखवत होती आणि लहान मुलांसारखी "देतोस का, देतोस का" करत होती. दारावर पाटी होती: खरकटे हात पत्त्यांना लावू नयेत. चहा बाहेरच्या ओट्यावर.

पांढरे हातमोजे घातलेल्या एका व्यापाऱ्याने आमची गड्डी तपासायला घेतली. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक पत्ता उजेडात धरून तो हळूच म्हणायचा, "काय ठेवलंय हो. एकही कोपरा मोडलेला नाही." राणी त्याला काचेसारख्या कडक डबीत बंद करायची होती, बाकीचे सुटे विकायचे होते. मला पाहून तो थांबला. "हा मात्र राहू द्या. याला कोणी घेणार नाही."

त्याने मला बाइंडरच्या हातात दिले. बाइंडरने अंगठा फिरवला.

"नावाडी," तो म्हणाला.

लेक वाकली. "बाबा, दिसतंय तुम्हाला?"

"दिसत नाही. कळतंय. हा कोपरा कोणी चावलाय माहीत आहे का?"

"कोणी?"

"तू. दात येत होते तुला. आता लोकांना सांगतेस, काही चावू नका म्हणून."

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाइंडर, हरकत आहे. मला न विचारता गड्डी विकतोस?"

तो वकील होता, आपली गड्डी घेऊन मेळाव्यासाठी आलेला. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. मग बाइंडर म्हणाला, "विकायची नाही. एक डाव खेळायचाय. फक्त बोटांना ओळखता यावं म्हणून सगळ्यांना नावाड्यासारखं करावं लागेल." आणि त्याने खिशातून हाडाची पट्टी काढली.

आजूबाजूची माणसे दचकून वळली. इथे कोपऱ्याला नख लागले तरी माणसे दिवसभर हळहळतात. व्यापाऱ्याने हातमोज्यांसकट कपाळाला हात लावला. "अहो, ही गड्डी परत मिळायची नाही."

"मलाही परत मिळायची नाही. डबीत घातलीत तर मी काय करू? वास घेऊ?"

मेळाव्याच्या पंच म्हणजे शाळेच्या ग्रंथपाल बाई. त्या म्हणाल्या, "खुणेचे पत्ते चालत नाहीत. पण समोरच्याची हरकत नसेल, तर खेळा."

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिले.

"माझी हरकत आहे," वकील म्हणाला. बाइंडरचा हात पट्टीवर थांबला. वकील पुढे म्हणाला, "त्याचं बोट गड्डीला लागलं की वर कोण आहे ते त्याला कळणार. म्हणून त्याच्या गड्डीला त्याने हात लावायचा नाही. त्याचे पत्ते मी काढून देणार. डोळे मिटून."

"मीट नाहीतर उघडे ठेव," बाइंडर म्हणाला. "हरायचं तर तुलाच आहे."

मग लेक एकेका पत्त्याचे नाव वाचू लागली आणि बाइंडर घड्या घालू लागला. शिपायाला एक घडी, बुरुजाला दोन, वादळाला खालच्या कोपऱ्यात. घडी इतकी नेटकी की रागावलेली माणसेही पुढे सरकून पाहू लागली. माझ्या जातभाईंना त्याने माझ्यासारखाच वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरका मोड दिला. मित्रांनो, इतकी वर्षे ज्या कोपऱ्यामुळे मी बाहेर होतो, तो आता कित्ता झाला होता. छाती फुगायला पत्त्याला छाती लागतेच असे नाही.

सर्वांत शेवटी राणी आली. बाइंडरने पट्टी टेकवली. व्यापाऱ्याने तोंड फिरवले. राणी थरथरत होती, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो.

"थांबा बाबा," लेक म्हणाली. "हिला राहू द्या तशीच. बाकी सगळ्यांना घडी आहे. जिला घडी नाही, ती हीच. ओळखायला आणखी काय लागतं?"

बाइंडरने पट्टी खाली ठेवली. "वकील, बघ. पोरगी पहिल्याच दिवशी तुझ्यापेक्षा बरं खेळते."

डाव बराच रंगला. वकील डोळे मिटून पत्ते काढायचा, मग उघडून हरकती घ्यायचा. त्याची दोन्ही वादळे खर्ची पडली तेव्हा बाइंडरच्या हातात तीनच पाने उरली होती. त्याचे बोट एका घडीवर गेले, मग एका गुळगुळीत कोपऱ्यावर, मग माझ्यावर. माझ्यावर ते जरा रेंगाळले. त्याने मला टेबलावर टाकले. टकटक. माझ्यामागून राणी आली, मी तिला होडीत घेतले आणि पलीकडच्या काठावर उतरवले.

वकिलाने टेबल न्याहाळले. "हरकत नाही," तो म्हणाला. हे शब्द मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले.

व्यापारी अजून तिथेच होता. बाइंडर त्याला म्हणाला, "राणी हवी असेल तर पुढच्या मेळाव्याला या. हातमोजे काढून बसा. जिंकलात तर घेऊन जा."

आता आमचा डबा कपाटात नसतो, जेवणाच्या टेबलावर असतो. लेक दवाखान्यातून आली की डाव मांडते आणि बहुतेक वेळा हरते. राणी माझ्याशी नीट बोलते.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटाच्या तळाशी असा एखादा डबा असेलच. आम्हाला जपा, पण जपायचे म्हणून कोंडू नका. बाहेर काढा, कोणाला तरी समोर बसवा आणि खेळा. एखादा कोपरा दुमडेल. दुमडू द्या. पुढेमागे कोणाच्या तरी अंगठ्याला त्याचाच आधार होईल. फक्त खरकटे हात धुऊन या, एवढी एका जुन्या नावाड्याची विनंती.