जुन्या बांधणीचं पॅकेज

आमच्या लेकीचं, प्रितीचं लग्न झालं ते २०२३ साल. त्या मांडवात माझे मालक रामजी यांनी शेवटचं भीमगीत म्हटलं. पुढच्या महिन्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. त्यानंतर घरात काही सांगायचं झालं की हे वाटीवर चमचा वाजवायचे.

पण यांचा आवाज घोडपदेवच्या आमच्या विहारात शिल्लक होता. माझ्या बहिणीचा मुलगा विकास कॉलेजात असताना त्याने बायकांना अक्षरं शिकवायचा एक प्रोग्राम केला होता आणि बोलायला यांना बसवलं होतं. "क कापडाचा. भ भोंग्याचा." चुकलं की यांचा आवाज म्हणायचा, "परत बघ गं, घाई नाही." साठी उलटल्यावर मी त्याच्यावरच वाचायला शिकले. घरात ज्या माणसाने मला कधी सबुरीने काही सांगितलं नाही, तो मशीनमध्ये किती सबुरीने बोलायचा! ऑपरेशननंतर दर रविवारी वंदना झाली की हे वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि स्वतःला ऐकायचे.

विहारातला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. ते काय असतं हे विकासनेच समजावलं होतं. "मावशी, कुणा शेटचं नाही ते. जगभरची माणसं मिळून बांधतात. आपल्या विहारासारखं." पुढे तो त्या बांधणाऱ्यांतला एक झाला, तेव्हा मी चाळीत पेढे वाटले.

गेल्या जानेवारीत वर्ग घेणाऱ्या अक्षदाने कॉम्प्युटरवर नवीन लिनक्स टाकलं. मग यांचा प्रोग्राम परत चढवायला गेली, तर तो चढेना.

"मावशी, प्रोग्राम ज्याच्यात बांधून येतो ना, ते पॅकेज जुन्या पद्धतीचं आहे. नव्यात ते उघडणंच बंद केलंय."

विकास वरळीला नोकरीला. बोलावलं तसा पुढच्या रविवारी आला. हे बाकावर बसलेच होते.

"किती वर्षं जुनं सांभाळायचं, मावशी? त्याच्यात चोर शिरतील अशी भोकं होती. काढलं ते बरोबरच होतं."

"कुणी काढलं?"

"सगळ्यांनी मिळून."

"विकासदादाच बघतो ना ते काम," अक्षदा म्हणाली. "काढायच्या आधी सगळ्यांना विचारलं होतं, अजून कुणी हे वापरतं का म्हणून."

"मग?"

"कुणीच काही बोललं नाही," विकास म्हणाला. "म्हणून तर काढलं."

आमच्या चाळीत नळ हलवायचा असला तरी बैठक बसते. जी खोली हजर नसेल तिच्या वतीने शेजाऱ्याने उभं राहून बोलायचं, ही रीत. विकासची आई कामावर असायची, तेव्हा तिच्या खोलीचं म्हणणं हेच मांडायचे. तिच्या दारातला नळ यांच्यामुळे राहिला. त्या नळाखाली विकासच्या आंघोळी झाल्या.

"तू होतास ना तिथं? आमच्या वतीने कोण बोलणार होतं रे?"

"मावशी, तिथं मोठमोठी माणसं असतात. एका विहारातल्या एका कॉम्प्युटरसाठी सगळ्यांचं काम अडवू? हसले असते मला."

"म्हणजे आठवलं होतं तुला."

विसरला असता तर मी दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं.

तेवढ्यात यांनी बाकावर टकटक केली आणि हात उडवला. जाऊ दे, असं.

"काका, नव्या पद्धतीने बांधून देतो," विकास म्हणाला. "तुमच्या आवाजाच्या फायली आहेत माझ्याकडे. पुढच्या रविवारी नक्की."

हे हसले. यांचा विश्वास बसला होता.

पुढच्या रविवारी तो परदेशात होता. जुनं कसं काढून टाकलं, याच्यावरच त्याचं तिथं भाषण होतं, असं अक्षदाकडून कळलं. परत आल्यावर मी फोन केला की "या रविवारी, मावशी" म्हणायचा. इकडे अक्षदा फळ्यावर अक्षरं काढून शिकवायची. हे दर रविवारी धुतलेला सदरा घालून मागच्या बाकावर बसायचे आणि दाराकडे बघायचे. मी म्हणायचे, "अहो, चला घरी, नाही यायचा तो." हे बोट वर करायचे. थांब जरा.

फेब्रुवारीत दुखणं उलटलं. मग जिना उतरणं बंद झालं.

यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विकास पॅकेज बांधून घेऊन आला. किती वेळ लागला रे, म्हणून मी विचारलं. अक्षदा हळूच म्हणाली, एका दुपारचं काम असतं ते. बायकांच्या वर्गासाठी मी ते चढवू दिलं. विकासला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलले नाही. अजून बोलत नाही.

माझे मालक रामजी ११ मार्च २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी, राहत्या खोलीत वारले.