मानेवरचा हात

निकाहाच्या वेळी नवरीच्या मागे जैनबबीनेच बसायचं, असा गल्लीचा शिरस्ताच पडला होता. नवरीच्या बाजूने बोलणारा वकील आणि दोन गवाह आत येऊन नवरीची रजा, म्हणजे संमती, विचारतात, नवरी लाजून गप्प राहते, आणि मागची म्हातारी ओढणीखालून तिची मान हळूच पुढे लोटते. मान हलली की मुबारकबाद सुरू. बीडच्या त्या गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या जैनबबीच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि बाईला त्याचा चांगलाच तोरा होता.

आज तिने अदिबाच्या मानेवर हात ठेवला. पोरीची मान ताठ होती.

अदिबा शेजारची, तिच्या अंगाखांद्यावर खेळलेली. सिरसाळ्याच्या अरमानवर जीव लावून बसली होती. त्याने घरच्यांपुढे शेपूट घातलं आणि दुसरीशी मंगनी उरकली. रागाच्या भरात अदिबाने उमापूरच्या पहिल्याच स्थळाला होकार दिला. आज सकाळी मात्र रडत म्हणाली, "खाला, अरमान गेला तर जाऊ द्या. पण याच्यासंगं मला न्हाई जायचं. अब्बांचं तोंड बघून शब्दच फुटत न्हाई."

"समद्याच पोरी असं म्हणतात," असं सांगून जैनबबीने तिची वेणी घातली होती. साफ खोटं! असं म्हणणारी एकच पोर तिला ठाऊक होती, ती म्हणजे ती स्वतः.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. तिचा हैदर फौजेत ट्रक चालवायला गेलेला. लढाई संपली की तुझ्या बापाला विचारतो, असं तो पालीच्या धरणावर सांगून गेला होता. हॉटेलातल्या रेडिओवर रोज लढाईच्या बातम्या, आणि इकडे बापाने घाईघाईत दुसरीकडे तिचा निकाह लावला. 'न्हाई' म्हणायची छाती झाली नाही म्हणून ती गप्प बसली. मामीने मागून मान लोटली. झालं! पुढे हैदर धडधाकट परत आला आणि तिच्या नवऱ्याच्या गाड्यावरून मोसंबी घेऊन गेला. जैनबबी तिथेच होती. तिने वर पाहिलं नाही.

तोच नवरा, मुस्तकीम, आज अदिबाचा वकील म्हणून समोर उभा होता. भला माणूस. उभ्या जन्मात बायकोवर आवाज चढवला नव्हता. "आमच्या बबीनं पहिल्याच दमात मान हलवली," असं लग्नालग्नांतून कौतुकाने सांगायचा.

"बेटी, या निकाहाला तुझी रजा हाय का?"

अदिबा गप्प. त्याने पुन्हा विचारलं. तरी गप्प. दाराशी तिचे वडील घाम पुसत होते.

"खाला, लोटा की!" बायका कुजबुजल्या.

बोललं तर मुस्तकीमचं काळीज फाटणार, न बोललं तर पोरीचा जन्म वाया जाणार. जैनबबीने हात काढून घेतला.

"हिची रजा न्हाई."

"लाजतीय ती," कुणीतरी म्हणालं.

"लाजत न्हाई. मला ठाऊक हाय. माझी मान बी मामीनंच लोटलती. मी हो म्हणलेच न्हवते."

मुस्तकीम बायकोकडे बघत राहिला. मग खाली बसून त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "बेटी, तुझ्या तोंडानं सांग. भिऊ नको."

"न्हाई, खालू."

वडील अदिबाच्या अंगावर धावून आले, तर मुस्तकीम आडवा झाला. मग बाहेर जाऊन त्याने वऱ्हाडाला सांगितलं आणि वऱ्हाडाच्या शिव्या एकट्याने खाल्ल्या. जैनबबीला आत सगळं ऐकू येत होतं.

मांडव रिकामा झाल्यावर तो आत आला.

"कोण व्हता?"

"हैदर."

तो खाटेच्या कडेला टेकला. "निकाहाच्या वक्ताला मी बाहेर बसलेलो. पण घरी आणल्यावर तुला इचारायला पायजे व्हतं."

इतकी वर्षं आपण हैदरसाठी झुरतोय, अशी जैनबबीची समजूत होती. आपल्याला कुणीच कधी विचारलं नाही, हे दुःख त्याहून मोठं होतं. तिला रडू फुटलं.

"मंग आता इचारा की," ती म्हणाली.

मुस्तकीमने तोंड उघडलं, पण उत्तर ऐकायचा त्याला धीर झाला नाही.