सरासरीत बुडालेले पाणी

“घरच्या जावयाचेसुद्धा कुणी एवढे लाड करत नाही, बाई,” गाडीवाले काका पेटी उचलताना पुटपुटले. पेटीत बर्फाशेजारी मीच बसले होते, त्यामुळे ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी काचेची बाटली आहे. नदीत जंतू किती आहेत, ते माझ्यातल्या पाण्यावरून ठरते. म्हणून नमुने तपासणाऱ्या आमच्या बाई मला आधी वाफेत तापवतात, मानेला कागद बांधतात आणि नदीपर्यंत कुणाला बूच उघडू देत नाहीत. मग स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून, माझे तोंड प्रवाहाकडे करून मला भरतात. माझ्याबरोबरच्या कितीतरी बाटल्या फुटल्या. मी टिकले ती या हातांमुळे. हे उपकार मी कसे फेडणार?

माझ्या बहिणींची कामे वेगळी. कुणी प्राणवायूसाठी, कुणी आम्लतेसाठी, कुणी गढूळपणासाठी. सगळ्यांचे निकाल आले की प्रयोगशाळेचे साहेब त्यांचा मिळून शंभरपैकी एक आकडा काढतात. जितका जास्त, तितके पाणी चांगले. लोकांना पटकन कळते, सोय मोठी आहे. पण बाकी विषयांत उत्तम आणि गणितात भोपळा, अशा मुलाची सरासरीही बरी दिसतेच ना?

त्या आठवड्यात भोपळा माझा होता. नदीकाठी पोहण्यासाठी नव्या पायऱ्या बांधल्या होत्या. रविवारी त्या खुल्या व्हायच्या होत्या आणि पहिली उडी साहेबांची नात मारणार होती. आकडा आला बहात्तर, म्हणजे ‘चांगले’. तोच फलकावर लागणार होता. बाईंनी माझ्यातले जंतू झाकणाच्या बशीत वाढवले होते, तिथे मात्र मोहरी सांडावी तसे जंतूंचे बशीभर ठिपके.

बाईंनी बशी साहेबांच्या टेबलावर ठेवली. काका म्हणाले, पाणी दिसायला तर स्वच्छ आहे. साहेबांनी बशी जरा सरकवली, तिथे चहाचा कप ठेवला आणि पायऱ्यांचा रंग काय झकास जमलाय म्हणाले. बाईंनी मान हलवली. रंग खरेच छान होता.

मित्रांनो, मला धुणारे, जपणारे हात मिळाले, मी भाग्यवान. एवढेच मागते, की एखादा छान आकडा दिसला तर त्याच्या पोटात कोण बुडाले आहे, तेही विचारत जा.

तेवढ्यात फोन वाजला. नात होती. पोहायचा पोशाख तिने आत्ताच घालून पाहिला होता म्हणे. साहेब नुसते हं हं करत होते आणि बशीकडे बघत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी कप उचलला, बशी पुन्हा समोर ओढली.

“आकडा चांगलाय, बाई,” ते म्हणाले. “पण हे पाणी पोहायच्या लायकीचं नाही. माझ्या नातीला मी यात उतरवणार नाही, मग दुसऱ्यांच्या नातींना कोणत्या तोंडानं उतरवू?”