पथ्याची पावणी

"चोरून खाता तुम्ही, मावशी," रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टर धवल म्हणाले आणि बयाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

नेसरी गावात बयाबाईंना असं म्हणायची छाती कुणाची नव्हती. चार महिने झाले, शुगरच्या गोळ्या चालू होत्या. चहा बिनसाखरेचा, भात बंद, आंबा नुसता हुंगून नातवंडांच्या हातात दिलेला. तरी शुगर चढतच होती आणि बाई उतरत होत्या. चोळ्या ढगळ झाल्या, घागरभर पाणी प्यालं तरी घसा कोरडाच. डॉक्टर दर खेपेला एक गोळी वाढवत आणि वर एक प्रवचन देत. घरी सुनेनं, संयोगितानं, गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. ते तर बयाबाईंना रोगापेक्षा जास्त लागलं.

"मी खाल्लं न्हाय."

"सगळे पेशंट हेच म्हणतात."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या, माझं बघा. गुण येत न्हाय म्हंजे गोळी चुकली असंल, न्हायतर रोग वळखायला चुकला असंल. माणूसच चुकलं हे कशावरनं?"

डॉक्टर हसले. "घरी जाऊन पथ्य पाळा, मावशी."

"पाळते की. पण तुमच्या घरी!"

शहरात, शाहूपुरीत, दवाखान्याच्या वरच डॉक्टरांचं घर. बयाबाईंनी पिशवी उचलली आणि तरातरा जिना चढल्या. वर डॉक्टरांच्या आई श्यामलाबाई मटार सोलत होत्या.

"पावणी आलीया. दोन दिस ऱ्हाणार," बयाबाईंनी सांगून टाकलं. "तुमच्या लेकानं मला चोर ठरीवलंय. तुम्ही द्याल तेवढंच खाणार, तुमच्या डोळ्यांदेखत. मग म्हणावं, काढ रगत."

श्यामलाबाईंची सारी नोकरी शाळेत कॉपी पकडण्यात गेलेली. त्यांना ही परीक्षा भलतीच आवडली.

मागोमाग डॉक्टर धापा टाकत वर आले. "आई, हा दवाखाना आहे की धर्मशाळा?"

"दवाखाना खाली. वर माझं घर आहे."

झालं, पाहुणचार सुरू झाला. भाकरी, पालेभाजी, बिनगुळाची आमटी. बयाबाईंनी आमटीला नावं ठेवली, "तिखट काय शेजाऱ्याकडनं उसनं आणता व्हय?" श्यामलाबाईंनी त्यांच्या घोरण्याला ठेवली. पण पहारा चोख. स्वयंपाकघराच्या दारातच अंथरूण टाकून त्या झोपत.

तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर तपासली. आकडा आधीपेक्षा वर! डॉक्टरांनी मशीन पुसलं, पट्टी बदलली, दुसरं बोट टोचलं. तेच. त्यांनी आईकडे बघितलं.

"आई, तू यांना काही..."

"म्हणजे आता मी पण चोर?"

"घ्या," बयाबाई म्हणाल्या, "तुमचा बी नंबर लागला."

 मग डॉक्टर पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढून बसले आणि विचारत गेले. वजन कधीपासून घटलं, थायरॉइड आहे का, घरात आणखी कुणाला. बयाबाईंनी सगळं सांगितलं, मध्ये एकही शिवी न घालता. त्याच दिवशी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं आणि निराळ्या तपासणीला रक्त गेलं. सुई बघून नेसरीच्या या वाघिणीनं डोळे मिटले आणि श्यामलाबाईंचा हात असा आवळला, की कळ त्यांनाच आली.

रिपोर्ट येईपर्यंत पावणी काही हलली नाही.

"मावशी, हा मधुमेह वेगळा," शेवटी डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तुमचं शरीरच मारतंय. बऱ्याचदा लहानपणी होतो, पण मोठेपणीही होतो. याला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, इंजेक्शनच लागतं. तुमची चूक नव्हती. माझी होती."

"हे मला नगा सांगू. माझ्या सुनंला सांगा. फोन लावा, आणि मोठ्यानं बोला."

डॉक्टरांनी मुकाट्यानं फोन लावून सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"आत्ती, चुकलं माझं."

"चुकलंच." बयाबाईंनी पदर स्वतःच्याच डोळ्यांना लावला आणि आवाज चढवला. "रडतीस काय? दुपारी गाडी घिऊन ये. आणि मागं दोघींची जागा ठेव. मास्तरीणबाई बी येणार हाईत नेसरीला."

श्यामलाबाईंना ही बातमी आत्ताच कळत होती. त्या बॅग काढायला उठल्या.