‘येते’ म्हणून गेलेली आजी

शिकागो दाखवत होती नात, पण हुकूम जाईबाईचा चालत होता. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या घरून निघतानाच लेकानं, प्रितमनं, बजावलं होतं, "आई, शिकागोत मी दिवसभर मीटिंगमध्ये असेन. पायल चौदाची आहे. जमेल ना तुला? नाहीतर कॅन्सल करू."

"तुम्ही चौघं भावंडं काय मीटिंगमध्ये वाढले का? मीच सांभाळलं ना!" जाईबाई फणकारली होती.

सकाळपासून पोरीनं तिला नुसतं फिरवलं. तो आरशासारखा चकचकीत, घराएवढा, 'बीन' नावाचा स्टीलचा दाणा पाहून झाला. त्यात आपलं तोंड वाकडं दिसलं म्हणून जाईबाईचा पारा चढलेलाच होता. आता दोघी नदीवरच्या रस्त्यालगत बाकावर टेकल्या होत्या.

"आजी, बोटीतून सगळ्या बिल्डिंग्ज दिसतात. प्लीज ना! येतेस?"

"माझे पाय तुटून राहिले अन् तुला बोट सुचते!"

पायल गाल फुगवून फोनमध्ये घुसली. आजीचा फोनही नातीच्याच पिशवीत होता. जरा वेळानं जाईबाई उठली आणि मागच्या कॉफीच्या दुकानात बाथरूमला निघाली. निघताना जन्मभराच्या सवयीनं म्हणाली, "येते गं."

परत आली, तर बाक रिकामा.

"पायल!" पुलावरच्या गाड्यांनी हाक गिळून टाकली. जिकडेतिकडे तशाच टोप्या, तसेच मोकळे केस. सगळ्या पोट्ट्या पायलसारख्या अन् पायल एकही नाही. जाईबाई बाकाभोवती दोनदा फिरली. प्रितमला काय तोंड दाखवू? प्रितम गेला चुलीत, पोरगी कुठं आहे?

तिनं बाकाची पाठ घट्ट धरली. शेवटी आपण काय बोललो? 'येते.' आणि पोरीनं विचारलं काय होतं? 'येतेस?'

"अगं माय!"

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

साडीचा घोळ मुठीत धरून ती पायऱ्या उतरली. खाली नदी, पण बोट डावीकडे की उजवीकडे? समोरून येणाऱ्या गोऱ्या बाईचा तिनं हातच पकडला. "बोट! बोट!" नशीब, तो शब्द दोघींचा एकच निघाला. बाईनं उजवीकडे दाखवलं. तेवढ्यात भोंगा वाजला. गुडघ्यांना शिव्या घालत जाईबाई धावली.

बोटीच्या फळीपाशी पायल रडकुंडीला येऊन दोर सोडणाऱ्या माणसाला विनवत होती, "प्लीज, माय ग्रँडमा इज कमिंग!"

"पोट्टे!"

"आजी! कुठे होतीस? तू येते म्हणालीस, म्हणून मी लाइन धरायला पळाले!"

"अगं, येते म्हणजे जाते!"

"मग जाते म्हण ना!"

"जाते म्हणून का मेल्या माणसासारखी जाऊ? परत यायचं होतं मला!"

पायलच्या हातातला फोन वाजला. प्रितम. तिचा चेहराच उतरला. "आजी, बाबांना कळलं तर मला परत कधीच कुठे सोडणार नाहीत."

जाईबाईनं फोन ओढून घेतला. "जय भीम, बाळा. धाप? कशाची धाप? हसून राहिलो आम्ही. कुठं म्हणजे? बोटीत!"

आणि डोळे मिटून तिनं फळीवर पाय टाकला.

"आजी, हात दुखतोय. सोड ना."

"नाही सोडत."