बारा कामांचा मेमो

हिंजवडीजवळच्या चांदे गावच्या ग्रामीण बँकेत दोन हजेरीपुस्तकं होती. मोठं, कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक मॅनेजर, कॅशियर आणि क्लार्कचं. दुसरी होती दोनशे पानी वही, आणि तिच्यात नाव एकच: इब्राहिम मुलाणी, अंशकालीन शिपाई. सव्वीस वर्षं तो त्या वहीत सही करत आला होता आणि येत्या जूनमध्ये निवृत्त व्हायचा होता. त्याआधी मोठ्या पुस्तकात एकदा तरी सही करायची, हा त्याचा हट्ट. वाढलेला पगार कुणाला नको असतो? पण त्या वहीचं दुःख त्याला पगारापेक्षा जास्त होतं.

ही ग्रामीण बँक जिनं काढली, त्या पालक बँकेची हिंजवडीला मोठी शाखा होती. तिथला शिपाई विश्राम हा इब्राहिमचा दोस्त. तोच झाडू, तेच टपाल, तीच गिऱ्हाइकं; पण विश्राम पूर्ण वेळेचा आणि त्याचा पगार इब्राहिमच्या दुपटीहून जास्त. म्हणून युनियननं समान वेतनासाठी न्यायाधिकरणात दावा लावला. त्यावर बँकेनं शपथपत्र दिलं, की ग्रामीण शाखेत मुळात कामच नसतं. शिपाई दहाला येतो, झाडतो, पाणी भरतो, टपाल टाकतो आणि दोनला घरी जातो. याखेरीज दुसरं कोणतंही काम तो करत नाही.

ग्रामीण म्हणे! शाखेच्या दारासमोर कंपन्यांच्या कॅबची रांग हलता हलत नव्हती, आणि जमिनी विकलेली मंडळी जिथं पूर्वी म्हशी धुवायची तिथं आता मोटारी धुवत होती. पण कागदावरचं चांदे अजून कंदिलाच्या उजेडात बसलं होतं.

न्यायाधिकरण म्हणालं, प्रत्यक्ष पाहून अहवाल द्या. बँकेनं आपल्याच कार्मिक विभागाचे नगरकर साहेब नेमले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

"उद्या आसं काम करून दावतो, की साहेबाचं डोळं पांढरं व्हत्याल," आदल्या संध्याकाळी इब्राहिम बायकोला म्हणाला.

शमशाद भाकरी थापत होती. तिनं मानही वर केली नाही. "साहेब येनार म्हनून तुमी सगळं आदीच आवरून ठेवनार. दर इन्स्पेक्शनला ह्येच करत आलाय. मग साहेबाला काय दिसनार? बँक झ्याक चाललीया आन शिपाई नुसता हुबा हाय."

"मग काय करू म्हनतीस?"

"कोर्टात त्यांनी काय लिवलंय? झाडू, पानी, टपाल. तेवडंच करा की. बँकेनं शपथंवर सांगितल्यालं आपन खोटं पाडायचं व्हय?"

इब्राहिम हसला खरा, पण काम समोर दिसत असताना बसून राहायचं? सव्वीस वर्षांत त्यानं असं पाप केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनचं वाटप होतं. नगरकर साहेब हिंजवडीच्या चौकात दोन तास अडकून साडेअकराला पोचले. घामाघूम होऊन त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, 'शांत ग्रामीण परिसर'. तोवर इब्राहिमनं झाडलं होतं, पाणी भरलं होतं, टपाल पेटीत टाकलं होतं. आता तो बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. हातांना नुसती वळवळ सुटली होती.

पंधरा मिनिटांत वीज गेली. इन्व्हर्टरचा खटका जुना. त्याला खालून बोट लावून वर ढकलावं लागतं आणि ते बोट इब्राहिमचं.

"इब्राहिमभाई, इन्व्हर्टर!" मॅनेजर कौस्तुभनं आतून हाक मारली.

"साहेब, शपथपत्रात न्हाई त्ये."

कौस्तुभ अकोल्याचा, वयानं लहान, पण डोकं तल्लख. तो बाहेर आला, इब्राहिमकडे पाहिलं, नगरकरांकडे पाहिलं, आणि परत केबिनमध्ये जाऊन बसला.

मग पेन्शन घ्यायला गंगूबाई आली. तिनं सवयीनं पासबुक इब्राहिमच्या मांडीवर ठेवलं. "भर बाबा चिठ्ठी."

"आज न्हाई, मावशे."

"का रं? माजलास व्हय?"

ते त्याला लागलं. म्हातारीचा झिजलेला अंगठा यंत्र कधीच घेत नसे. तो तिचा हात ओल्या फडक्यानं पुसून द्यायचा, मग कुठं उमटायचा. त्याला वाटलं, मरू दे तो दावा, उठावं. पण शमशादचा चेहरा आठवला आणि तो बाक धरून बसून राहिला.

खरी गंमत पुढंच होती. हैबतराव आणि कोंडिबा हे सख्खे भाऊ. बिल्डरला जमीन विकल्यापासून वाटणीवरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यांनी एकमेकांसमोर यायचं नाही, हा चांद्याच्या शाखेचा अलिखित कायदा होता. एकाला आतल्या बाकावर बसवायचं, दुसऱ्याला बाहेर लिंबाखाली, आणि टोकन असं द्यायचं की एक फाटकाबाहेर पडल्यावरच दुसरा काउंटरला येईल. हे टोकन इब्राहिम वाटायचा. आज कुणीच वाटलं नाही, आणि दोघे भाऊ अंधारात एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"ह्यो माज्या म्होरं कसा?" हैबतराव गरजले.

"रांग काय तुज्या बाची हाय?" कोंडिबा म्हणाला. बाप एकच होता, पण तेवढं भान कुणाला!

नगरकर साहेब मध्ये पडले. त्यांचा चष्मा एका बाजूला गेला आणि वही दुसऱ्या बाजूला. चष्मा सापडेपर्यंत दोन वाजले. इब्राहिमनं डबा उचलला. "साहेब, माजी येळ झाली. निगतो."

"निघतोस? बस खाली!" साहेबांचा आवाज चिरकला. "हा रोज किती वाजता जातो?"

"साडेसहाला," कौस्तुभ अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला.

"मग आज काय झालं? मेमो देतो तुला, मेमो!"

बँकेच्या साहेबाला राग आला की तो मेमोच लिहितो. शिवी देण्यापेक्षा ते सभ्य दिसतं. वीज नव्हती, म्हणून साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं: 'आपण आपली खालील नेहमीची कामे करण्यास नकार दिला आहे.'

"कोणती कोणती कामं?" त्यांनी विचारलं.

कौस्तुभ सांगत गेला. इन्व्हर्टर, चिठ्ठ्या, अंगठे, टोकन, व्हाउचरचे गठ्ठे, कॅशची पेटी उचलणं, थकबाकीदारांना बोलावून आणणं, अशी एकेक करत दहा. साहेब रागाच्या भरात लिहीत होते. "साहेब, अकरावं राहिलं, स्ट्राँगरूमच्या दाराला खांदा देणं."

सही झाली, शिक्का बसला, वेळ पडली दुपारी तीन. "आता याची जावक नोंद कोण करतं?"

"इब्राहिमभाईच."

"मग ते बारावं," साहेब म्हणाले आणि त्यांनी तेही लिहिलं.

एवढं झाल्यावर इब्राहिम उठला. मेमोची जावक नोंद केली, इन्व्हर्टरला बोट लावलं आणि गंगूबाईचा हात पुसायला बसला. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं.

पुढच्या तारखेला युनियनच्या वकील तमन्ना शेख यांनी न्यायाधीशांसमोर दोन कागद ठेवले. एक नगरकरांचा अहवाल, 'शाखेत शिपायाला काम अत्यल्प'. दुसरा नगरकरांचाच मेमो. तारीख एक, सही एक. न्यायाधीशांनी बाराही कामं सावकाश, मोठ्यानं वाचली. इब्राहिमला हसू यायला हवं होतं, पण तो बोटांवर एकेक काम मोजत राहिला. सव्वीस वर्षांत त्याच्या कामाची नोंद बँकेनं कुठंच केली नव्हती. पहिल्यांदा केली ती शिक्षा द्यायला.

"मेमोला उत्तर दिलंत का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"न्हाई साहेब, ऱ्हायलं."

"मग आता द्या."

इब्राहिमनं हात जोडले. "समदं कबूल हाय साहेब. ही बाराच्या बारा कामं माजीच हायेत."

बँकेच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली. ती काही मिळाली नाही.

निकाल मेमध्ये लागला. निवृत्तीला एकोणतीस दिवस उरले होते, तेव्हा कौस्तुभनं मोठं पुस्तक त्याच्यापुढं उघडून ठेवलं. शेवटच्या ओळीत त्याचं नाव होतं. अंशकालीन हा शब्द नव्हता. इब्राहिमनं पेन सदऱ्याला पुसला आणि हात लेंग्याला. पेन कागदावर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

"सावकाश करा, इब्राहिमभाई," कौस्तुभ म्हणाला.

त्यानं सही केली. आणखी थोडा वेळ तो तिच्याकडे बघत बसला असता, पण तेवढ्यात हैबतराव फाटकातून आत शिरताना दिसले आणि रस्त्याच्या पलीकडून कोंडिबाची मोटार वळत होती. इब्राहिम टोकनांचा डबा घेऊन पळाला.