सर्वांत कमी पाणी

जुन्या बंदरातल्या मालाच्या गोदामाचं आता संग्रहालय झालं होतं, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाणीवाल्या काकांना खास बोलावणं आलं. काकांनी एकतीस वर्षं दगडी पुलाच्या तिसऱ्या खांबावर कोरलेली पट्टी वाचून नदीचं पाणी रोज सकाळी सातला वहीत लिहिलं होतं. जहाजांनी आत यायचं की बाहेर थांबायचं, ते त्या आकड्यावर ठरे. मग खाली समुद्राजवळ नवं बंदर झालं, जहाजांनी इकडे पाठ फिरवली, खांबावर यंत्र बसलं आणि काका घरी बसले. घरात तरी कोण होतं? बोलायचं तर भिंतींशी, आणि त्या काही उलट बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

म्हणून काका इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच हजर! संग्रहालयाच्या बाईंनी त्यांना थेट मोठ्या भिंतीपुढे नेलं. दोन्ही बाजूंना पुलाचे, धक्क्याचे जुने फोटो, आणि मधोमध काकांच्या वह्यांमधले सगळे आकडे एका निळ्या रेघेत चढत-उतरत गेलेले. काकांचा ऊर भरून आला.

"आणि हे बघा काका, एकतीस वर्षांतलं सर्वांत कमी पाणी! सहा फूट दोन इंच."

काकांनी तारीख वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. त्या सकाळी ते पुलाकडे फिरकलेच नव्हते. दवाखान्याच्या बाकावर वही मांडीवर घेऊन, उन्हाळ्यात रोज दोन इंच उतरतंय म्हणून कालच्यातून दोन वजा करून आकडा ठोकून दिला होता. धरणातून आदल्या रात्रीच पाणी सोडलंय, हे त्यांना नंतर कळलं. पण वहीत खाडाखोड करायची नाही, असा खात्याचा नियम.

गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. बोलावं तर एकतीस वर्षांवर बोळा फिरणार, आणि त्याखेरीज काकांपाशी उरलं होतं तरी काय?

"बाई, हा आकडा खोटा आहे," काका म्हणाले. "त्या दिवशी मी पाणी बघितलंच नाही. अंदाजाने लिहिलं."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो काका, उद्या उद्घाटन! असे अंदाजाचे अजून किती आहेत?"

"एवढा एकच."

"एकच कशावरून?"

काकांनी त्या तारखेवर बोट ठेवलं.

"बायको एकदाच गेली माझी," ते म्हणाले.